चार नंबरच्या मशिनवरचं बेट

आमच्या घरात समुद्राबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि समुद्रात कोणीही जात नव्हतं. बाबा रत्नागिरीला बंदर खात्यात होते. वादळी वाऱ्याचा निरोप आला की बंदरावरच्या उंच खांबावर बावटा चढवायचा, होड्या बाहेर काढू नका म्हणून मच्छीमारांना सांगायचं आणि वारा पडला की बावटा उतरवायचा, हे त्यांचं काम. बाकी कारकुनी होतीच, पण गावात ओळख 'बावटेवाले' हीच. दिवसभर करतो ते काम माणूस चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत नाही. बाबा घरीही बावटा लावूनच बसलेले असत. मैत्रिणींबरोबर मांडवीला जाऊ का? नको. कॉलेजची सहल गणपतीपुळ्याला चाललीय. नको, तिथे पाणी ओढतं. सायकल शिकू का? नको, उतार फार आहेत. सायकलला आणि समुद्राला एकच शब्द पुरायचा. आई 'बघू' म्हणायची, म्हणजे नकोच, फक्त जरा मऊ शिजवलेलं.

त्यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगते. मी तान्ही असताना बावटा लागलेला असूनही एक होडी बाहेर गेली होती, ती परत आली नाही. तिच्यात बाबांचा शाळेतला मित्र होता. हे मला आईने सांगितलं, बाबांनी कधीच नाही. त्यामुळे दुपारी रेडिओवर हवामान लागलं की आमच्या घरात जेवण थांबायचं. बाबांचा हात ताटातच राहायचा, तव्यावरचा बांगडा उलटायचा सोडून आई कालथा धरून उभी, आणि मी आमसुलाच्या साराची वाटी तोंडाशी नेलेली तशीच. 'समुद्र शांत राहील' हे ऐकलं की तिघंही पुन्हा चावायला लागायचो. सोळा वर्षं मी असं थांबून थांबून जेवले. अजूनही रेडिओ लागला की माझा घास अडतो, आणि मला त्याचा राग येतो.

अकरावीत असताना मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. तेही बाबांना पसंत होतं असं नाही, पण पुढे सरकारी नोकरीला लागेल असं कोणी तरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. क्लास इक्बालभाईंचा. ते राजिवड्याचे, बारा वर्षं मस्कतला काढून परतलेले, आणि माळनाक्यापाशी एका पतपेढीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी आठ मशिनं मांडली होती. एका बाजूला क्लास आणि दुसऱ्या बाजूला सायबर कॅफे असा तो संसार. इंटरनेटसाठी फोन जोडताना मशीन किंचाळायचं, खालून बुर्जीचा वास यायचा, आणि भिंतीला लावलेल्या पंख्याची मान एका बाजूला अडकायची, मग इक्बालभाई टाचेने त्याला एक हलकी लाथ घालायचे. तीन ते चार माझा क्लास. चार ते पाच सरावासाठी चार नंबरचं मशीन माझं, हे फीमध्येच धरलेलं होतं. आणि बरोबर चार वाजता कॉलेजची पोरं यायची, मांडवीची, मिऱ्याची, राजिवड्याची. उरलेली सात मशिनं ती धरायची, एकमेकांना तारांनी जोडलेल्या त्या मशिनांवर दोन टोळ्या करायची आणि तासभर गोळीबाराचा खेळ चालायचा.

खेळ विकत मिळणाराच होता, पण ज्या बेटावर तो चालायचा ते बेट कंपनीचं नव्हतं. कुठल्याशा देशातल्या एका हौशी माणसाने घरबसल्या तयार करून इंटरनेटवर टाकलं होतं, आणि इक्बालभाईंच्या शारजाच्या भाच्याने ते सीडीवर भरून पाठवलं होतं. सोबत एक टिपण होतं. ते मोडक्या इंग्रजीत होतं आणि आमचंही इंग्रजी मोडकंच, त्यामुळे आम्हाला ते चांगलं कळलं. त्यात लिहिलं होतं की माझ्या गावाला समुद्र नाही, वर्षातले पाच महिने बर्फ असतं, म्हणून मी उन्हाचं बेट केलं. कोणीही फिरा. पलीकडच्या टोकाला दीपगृह आहे, वाट सोपी आहे.

पहिल्या दिवशी माझ्या मशिनवर ते बेट कोणी तरी उघडंच सोडलं होतं. मी टायपिंगचा सराव करायला बसले आणि समोर पांढरी वाळू. पुढे जायची कळ दाबली तर मी चालू लागले. माझे पाय दिसत नव्हते, हातात बंदूक होती, पण मी चालत होते आणि मला कोणी विचारत नव्हतं. हे वाचायला फार काही वाटणार नाही. ज्या मुलीला दुधाच्या केंद्रावर जातानाही 'सरळ जा, सरळ ये' ऐकावं लागलेलं असतं तिला विचारा. त्या दिवशी मी तासभर नुसती चालले. माडांखालून, एका पडक्या झापाच्या खोपीतून, टेकडीवर आणि परत खाली. वाटेत पोरांनी मला बारा-तेरा वेळा मारलं. त्या खेळात मेलं की दहा सेकंदांनी माणूस पुन्हा उभा राहतो. मी उभी राहायची आणि राहिलेल्या वाटेला लागायची.

मी गोळी झाडत नाही हे पोरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना आधी गंमत वाटली. त्यांचा म्होरक्या उमेश, मांडवीचा. "काय गो, सहलीला आल्येस काय? डबा आणलास?" असं तो रोज विचारायचा आणि बाकीचे खिदळायचे. मी म्हणायचे, "तू मार. मी बघत्ये." पण हळूहळू त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या. न लढणारं माणूस मध्येच फिरत असलं की लढणाऱ्यांना आपण येडचाप दिसतो की काय असं वाटत असावं. ती पोरं इक्बालभाईंकडे तक्रार घेऊन गेली की हिला उठवा, आमचा आठवा गडी बसेल. इक्बालभाई पंख्याशी झटत होते. ते वळलेसुद्धा नाहीत. "तिचा टाइम हाय. ती झाडं बगंल नायतर पानी बगंल. तुमाला काय करायचं हाय?" असं म्हणून त्यांनी पंख्याला लाथ घातली. या माणसाचे उपकार मी विसरलेली नाही.

चार महिन्यांत ते बेट मला घरच्या परड्यासारखं पाठ झालं. एकच गोष्ट साधत नव्हती, दीपगृह. ते समोर दिसायचं. बेटाच्या दक्षिणेला एक खाडी आत शिरली होती, तिच्या तोंडाच्या पलीकडे खडकांचा एक तुकडा आणि त्यावर पांढरं दीपगृह. वाट सोपी आहे, असं तो बर्फातला माणूस लिहून गेला होता. पण वाट होती कुठे? आम्ही पूल शोधला, भुयार शोधलं, खोपीतल्या पेट्या फोडून चावी शोधली. उमेशची टोळीसुद्धा लढाई सोडून दोन दिवस होडी शोधत होती. आज सांगताना मला हसू येतं. अहो, वाट म्हणजे ती खाडीच होती. तोंडाशी पाण्याचा हिरवा रंग फिका झाला होता, म्हणजे तिथे त्यातल्या त्यात उथळ आहे, चालत जा, एवढं साधं त्या बर्फातल्या माणसाने रंगाने सांगितलं होतं. सोलापूरचं पोर असतं तर पहिल्याच दिवशी पाण्यात शिरलं असतं. पण आम्ही होतो रत्नागिरीचे. खाडीच्या तोंडाशी फिकं पाणी म्हणजे वाळूचा दांडा, आणि दांड्यावर लाट फुटते, होडी उलटते, ओहोटी माणसाला बाहेर ओढते, हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. बॉम्बच्या तोंडी बेधडक धावणारी ती सात पोरं त्या पाण्यापासून चार हात लांब थांबायची. ढकलाढकलीत कोणी काठाशी गेलाच तर बोट आपोआप मागच्या कळेवर जायचं. गोळीने मेलं तरी चालेल, पण खाडीत नको. आणि हे आम्ही एकमेकांशी कधी बोललोही नव्हतो. माझंही बोट तसंच मागे यायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरी हे सगळं कळलं ते शेजारच्या सुमनकाकूंमुळे. त्या पतपेढीत आल्या होत्या, वर हसण्याचे आवाज ऐकून डोकावल्या, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरी बातमी पोचली की मीनल सात पोरांत बसून बंदुका चालवते. जेवायला बसलो. आईने सुक्या जवळ्याची चटणी वाढली, भाकरी वाढली आणि ती माझ्याकडे न बघता चुलीशी गेली, तेव्हाच मी ओळखलं.

"सोमवारपासून क्लास बंद," बाबा म्हणाले.

"का?"

"नको म्हणून."

"मी बंदूक चालवत नाही. मी नुसती फिरत्ये."

"कुठे?"

"बेटावर."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "एक मुलगी. चार भिंतीत बसून बेटावर फिरते. पोरं हसतात. लोक येऊन मला सांगतात. नको ते. टायपिंगच्या क्लासला जा, तिथे मुली असतात."

आई म्हणाली, "जेव गो बाय, बघू मग." त्या 'बघू'ने माझं डोकं फिरलं. माझ्याकडे आजवर जायला एकही जागा नव्हती आणि जी सापडली होती तीही आता काढून घेत होते. मी ताट पुढे सारलं. आमच्या घरात ताट सारणं ही मोठी गोष्ट होती.

"बाबा, बावटा लावला म्हणून तुम्ही कधी कोणाची होडी दोराने बांधून ठेवलीत काय?"

त्यांनी वर बघितलं.

"तुम्ही बावटा लावायचा. जायचं की नाही ते होडीवरचा तांडेल ठरवतो. तुमचंच वाक्य आहे. मी सोमवारी जाणार."

मला वाटलं आता हात उठेल. तो उठला नाही. मी जे बोलले ते त्या बुडालेल्या मित्रालाही लागू होतं हे नंतर माझ्या ध्यानात आलं, आणि आज चाळिशी उलटल्यावर त्या वाक्याची मला थोडी लाजही वाटते. पण परत घेणार नाही. दुसरं कुठलंही वाक्य त्यांना थांबवू शकलं नसतं. शेवटी ते म्हणाले, "उद्या मी येतो. बघतो काय आहे ते. मग शेवटचं सांगतो." म्हणजे निकाल लागलेलाच होता, फक्त जागेची पाहणी राहिली होती.

दसऱ्याच्या मागचापुढचा रविवार होता. सकाळपासून वारा होता आणि बाबा बावटा लावूनच आले, अंगावर खाकी तशीच. ते जिन्याच्या वर दिसले आणि सातही मशिनांचा गोळीबार बंद झाला. या पोरांच्या बापांना, चुलत्यांना बाबा नावानिशी ओळखत होते. दिवसाला शंभर माणसं मारणारे ते वीर हात मागे बांधून उभे राहिले. इक्बालभाईंनी खुर्ची दिली. बाबा माझ्या मागे बसले आणि म्हणाले, "दाखव."

मी त्यांना बेट दाखवलं. आधी उत्तरेची वाळू, मग टेकडी. मला वाटलं होतं ते दोन मिनिटांत उठतील. पण कानामागे त्यांचा आवाज सुरू झाला, ऑफिसातला आवाज. "माड असे सरळ कसे? किनाऱ्यावरचा माड पाण्याकडे झुकतो. भरतीची रेघ कुठे आहे? हा समुद्र चढतो की नाही?" मी म्हटलं, "चढत नाही." ते म्हणाले, "मग काढणाऱ्याने समुद्र बघितलेला नाही." मी म्हटलं, "नाही बघितला. त्याने तसं लिहिलंय." यावर मागून "हं" असं ऐकू आलं. असं करत आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि समोर फिकं हिरवं पाणी आलं. त्या क्षणी बाबा खुर्चीतून पुढे झाले. मला त्यांचा श्वास मानेवर लागला.

"तिकडे नको."

ते कोणाला म्हणाले? टेबलावरच्या एका डब्यातल्या रंगाला. मी मागे वळून त्यांचं तोंड बघितलं आणि मला दिसलं की ते खरोखर घाबरलेत. उमेशकडे बघितलं, तर तोही तसाच. "नको गो मीनल, दांडा हाय तिथं," तो म्हणाला. तो हसत नव्हता. कोणीच हसत नव्हतं. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला की इथे पूल नाही, होडी नाही, चावी नाही. आम्हाला अडवणारं या बेटावर काहीही नाही. जे आहे ते आम्ही घरून घेऊन आलोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला इतका संताप आला की सांगता येत नाही. बाबांचा, पोरांचा, सुमनकाकूंचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या बोटाचा. मी पुढे जायची कळ दाबली आणि दाबून धरली.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं असावं, पाय दिसत नसल्यामुळे अंदाजच. मग कमरेला. बाबा म्हणाले, "मीनल, मागे ये." आवाज चढला होता. पाणी वर येत गेलं, अर्धा पडदा हिरवा झाला, मग सगळाच, आणि दोन-तीन सेकंद काहीच दिसेना. माझ्या खुर्चीच्या पाठीला बाबांनी धरलं होतं, खुर्ची हलत होती. मी कळ सोडली नाही. हिरवा रंग पडद्यावरून खाली उतरला आणि समोर खडक आला.

मी चढून वर गेले. दीपगृह जवळून अगदीच अर्धवट होतं. त्याला दार रंगवलेलं होतं, उघडत नव्हतं, मागची बाजू तर कोरीच ठेवलेली. बर्फातला माणूस कंटाळला असेल. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी वळले आणि खाडीच्या अलीकडे बघितलं, म्हणजे आता ते पलीकडे झालं होतं. पोरं केव्हा मशिनांवर बसली कोण जाणे, पण पाण्याच्या कडेला सात शिपाई बंदुका घेऊन ओळीने उभे होते, माझ्याकडे तोंड करून. एकही गोळी सुटली नाही. पाण्यात कोणी आलं नाही.

"बघितलंस ना? आता परत ये," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "मला इथे थांबायचंय."

सगळ्यांसमोर, मोठ्याने. आमच्या घरातल्या माणसाने बाबांना चारचौघांत दिलेला तो पहिला नकार असावा. ते उठले. इक्बालभाईंना "येतो" म्हणाले आणि जिना उतरून गेले. घरी आल्यावर आईने त्यांना विचारलं, काय होतं तिथे? ते म्हणाले, "खाडी होती. गेली ही पाण्यातून." आईने माझ्या परकराच्या काठाकडे बघितलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यानंतर बाबा बदलले, असं लिहायला मला आवडलं असतं, कारण अशा गोष्टींत बाप शेवटी विरघळतो आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. ते विरघळले नाहीत. सोमवारी पावणेतीनला मी चपला घातल्या तेव्हा ते पडवीत पेपर वाचत होते. पेपरामागून "नको" आलं. मी गेले. मंगळवारी ते ऑफिसला होते, पण आईकडे निरोप ठेवून गेले होते. "बाबा नको म्हणालेत," ती म्हणाली. मी गेले. असं ते वर्षभर चाललं. ते न चुकता नको म्हणायचे, मी न चुकता जायची. ना त्यांनी दाराला कडी घातली, ना मी वेळ बदलून चोरून गेले. बेट पुढे जुनं झालं, पोरं दुसऱ्या खेळाला लागली, मी बँकेची परीक्षा देऊन नोकरीला लागले, माझ्या कामाचा बेटांशी काडीचा संबंध नाही. पण त्या वर्षातला एक दिवस सांगते आणि थांबते.

मला ताप होता. अंग मोडून आलं होतं म्हणून मी दुपारी गोधडी घेऊन पडले होते. तीन वाजून गेले. बाबा सुट्टीवर होते. ते पडवीतून आत आले, दारातल्या माझ्या चपलांकडे बघितलं आणि माझ्या उशाशी येऊन उभे राहिले.

"आज गेली नाहीस?"

"तुम्हीच नको म्हणता ना," मी कुरकुरले.

"ते मी रोजच म्हणतो," बाबा म्हणाले.

ते खिडकीबाहेर बघत होते. मग मी हट्टाने गोधडी बाजूला केली आणि भिंतीला धरून उठायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मला खाली निजवलं.

"आज खरंच नको," ते म्हणाले.

ते मी ऐकलं. त्या दिवसापुरतं.